इमारत पूर्वेला कलते आहे

माहितीपट बघताना तपासनीस कधी टेकून बसत नसत. मालिका बघताना माणसाने लोळावं, बातम्या बघताना जेवावं, पण माहितीपट बघताना पाठ सरळ, चष्मा पुसलेला आणि मांडीवर वही असलीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासून ते निवृत्त झाले होते. खात्याने त्यांना सोडलं, पण 'तपासनीस' या शब्दाने काही सोडलं नाही. इमारतीतले सगळे त्यांना तपासनीसच म्हणत, आणि फोनवर कोणी 'कोण बोलतंय?' असं विचारलं की तेही 'तपासनीस' असंच सांगत.

चार मजल्यांच्या, आठ बिऱ्हाडांच्या आणि बिनलिफ्टच्या त्या इमारतीचे ते सेक्रेटरीही होते. टाकीत पाणी किती आहे, जिन्यातला दिवा का गेला, बाजूच्या मोकळ्या जागेवर नक्की काय होणार आहे, हे लोक त्यांना विचारत आणि ते सांगत. त्यांनी एकदा सांगितलं की कोणी दुसऱ्याला विचारायला जात नसे. निवृत्त माणसाला याहून जास्त काय हवं असतं? काही जणांना सकाळी फिरायला जायला सोबत हवी असते, पण त्यांची गोष्ट वेगळी.

तर एका गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर 'घरं का कलतात?' नावाचा माहितीपट लागला. सुरुवातीलाच तपासनिसांचं मन जिंकणाऱ्या दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे मागे संगीत नव्हतं. दुसरी म्हणजे निवेदक अतिशय सावकाश बोलत होता. खोटं बोलणारा माणूस भरभर बोलतो, हा तपासनिसांचा एकतीस वर्षांचा अनुभव. दुकानदार फार बोलायला लागला की ते त्याच्याकडे न बघता आधी तराजूचं पारडं उलटं करून बघत. हा निवेदक तर दोन वाक्यांच्या मध्ये थांबून चष्मा पुसत होता.

मग पांढऱ्या दाढीचे एक गृहभारशास्त्रज्ञ आले. असं शास्त्र आहे हेच तपासनिसांना माहीत नव्हतं, आणि आपण आयुष्यभर वजनातच घालवून ते आपल्याला माहीत नसावं याची त्यांना जरा खंत वाटली. शास्त्रज्ञांनी सांगितलं, की प्रत्येक इमारत दर वर्षी केसभर कलते आणि त्याला कारण रहिवाशांची कपाटं. सगळे लोक जड सामान एकाच बाजूच्या भिंतीला लावतात, कारण दुसऱ्या बाजूला पलंग असतो. "आजवर हे कोणाच्या लक्षात आलं नाही," शास्त्रज्ञ म्हणाले, "कारण इमारतीबरोबर बघणाराही कलतो." हे वाक्य तपासनिसांनी वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पुढे एक आजी दाखवल्या. साठ वर्षं कललेल्या घरात राहून त्यांचा डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर लांब झाला होता. आजींनी तो कॅमेऱ्यासमोर पट्टीने मोजून दाखवला. तपासनिसांनी लिहून घेतलं : 'पाय – डावा – एक बोट.' शेवटी शास्त्रज्ञांनी इशारा दिला, की मजला जितका वरचा तितकं तिथलं सामान जास्त घातक. तपासनिसांनी वही मिटली आणि लगेच टीव्ही बंद केला. कार्यक्रमाच्या शेवटी सरकणारी नावं ते कधीच वाचत नसत. ती त्या लोकांच्या नातेवाइकांसाठी असतात, असं त्यांचं मत होतं.

"ऐकलंस?" ते बायकोला म्हणाले. ती शेजारी लसूण सोलत बसली होती. "आपली इमारत पूर्वेला कलते आहे."

"कोण म्हणालं?"

"शास्त्र म्हणालं. आठही घरांतली कपाटं पूर्वेच्या भिंतीला आहेत."

"मग ठेवणार कुठे? पश्चिमेला पलंग आहेत."

"हेच! अगदी हेच म्हणाले ते!" तपासनीस उठून उभे राहिले.

आता कोणी म्हणेल, की इतका मुरलेला माणूस ऐकीव गोष्टीवर कसा विसंबला. तर तसं अजिबात नाही. त्यांनी प्रयोग केला. शोकेसमधली एक काचेची गोटी घेऊन ते स्वयंपाकघरात ओणवे झाले आणि गोटी फरशीवर अलगद सोडली. गोटी क्षणभर थांबली, मग पूर्वेकडे निघाली ती थेट मोरीत जाऊन पडली.

"ती मोरीतच जाणार," बायको म्हणाली. "पाणी जावं म्हणून गवंड्याने उतार दिलाय तिथे."

तपासनिसांनी तिच्याकडे फक्त बघितलं. थोर संशोधकांच्या घरोघरी असं कोणीतरी असतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर परिपत्रक लागलं. सोबत प्रत्येक घरासाठी एक तक्ता होता : कपाटांची संख्या, कोणत्या भिंतीला, अंदाजे वजन, आतल्या वस्तूंसह व वस्तूंविना. संध्याकाळी सभा बोलावली. सोसायटीला दुसरी जागा नसल्याने सभा नेहमी जिन्यात भरे आणि जो तो आपापल्या मजल्याच्या मानाने पायऱ्या धरून बसे.

"माणसांचं वजन धरायचं की नाही, हे परिपत्रकात स्पष्ट नाही," दुसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले. यावर सगळ्यांनी वकिलांकडे बघितलं. वकील अंगाने भरदार होते आणि त्यांचा पलंग खोलीतल्या अडचणीमुळे एकट्याचाच पूर्वेला होता. "हे बघणं मी नोंदवून ठेवतो आहे," ते म्हणाले.

पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना वेगळीच काळजी. "माझ्या खुर्चीत पेशंट आडवा झाला की वजन बदलतं. तेव्हा काय करायचं?" तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी सुचवलं, की त्यांच्या सासूबाईंची लोखंडी ट्रंक सगळ्यात जड आहे, तेव्हा ती इमारतीच्या हितासाठी सासूबाईंसकट दिरांकडे पाठवावी. ही सूचना विचारार्थ ठेवण्यात आली.

पण आश्चर्य असं, की कोणी वाद घातला नाही. तपासनीस म्हणतात ना, मग असेल. आठ दिवसांत इमारतभर कपाटं फरफटत पूर्वेकडून पश्चिमेला गेली. डॉक्टरांच्या कपाटाचं दार आता पलंगावर उभं राहिल्याशिवाय उघडेना. वकिलांच्या घरी कपाट दारात आल्यामुळे ते दोन दिवस स्वयंपाकघराच्या बाजूने ये-जा करत होते आणि तेही नोंदवून ठेवत होते. तपासनीस रोज सकाळी गोटी सोडून बघत. गोटी रोज मोरीत जाई. "वेळ लागतो," ते म्हणत. "केसभर कललेली इमारत केसाकेसानेच सरळ होणार."

राहिला चौथा मजला. तिथे वहिनी एकट्या राहत. त्यांचे यजमान इतिहासाचे प्राध्यापक. अकरा वर्षांपूर्वी ते गेले. त्यांचं लिहिण्याचं टेबल मात्र पूर्वेच्या खिडकीखाली तसंच होतं. टेबल कसलं, किल्ला होता तो. जाड शिसवी लाकूड, दोन्ही बाजूंना चार-चार खण, चार माणसांनीही उचलावं की नाही याचा विचार करावा असं. प्राध्यापक त्यावर वीस वर्षं एक ग्रंथ लिहीत होते आणि तो पुरा झाला नाही. नातेवाईक आले की त्या टेबलावरून हात फिरवत आणि हळू आवाजात बोलत.

तपासनीस वर गेले तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. पश्चिमेला पलंग होता, मधे जागा नव्हती. टेबल हलवायला घरात जागाच नव्हती.

वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे हे टेबल घरात ठेवणं धोक्याचं आहे म्हणता, भाऊजी?"

"मी नाही म्हणत, वहिनी. शास्त्र म्हणतं. चौथा मजला, त्यात पूर्वेची भिंत. पण तुमच्या भावना मी समजतो. आपण काही तरी मार्ग..."

"मग देऊन टाकू. कोपऱ्यावरच्या वाचनालयाला चालेल का? तिथे मुलं वाचत बसतील." त्या जरा थांबल्या. "एवढं करा भाऊजी, हे सगळं सोसायटीच्या कागदावर लिहून द्या. शिक्का मारून. मुलाला पाठवीन म्हणते. तो लांब राहतो, त्याला उगाच काळजी."

तपासनिसांना भरून आलं. खाली येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. "याला म्हणतात मन. यजमानांची एवढी आठवण, पण इमारतीसाठी क्षणभर विचार केला नाही बाईंनी." त्यांनी पत्र तीन वेळा लिहिलं, शिक्का सरळ उमटावा म्हणून आधी वर्तमानपत्रावर मारून बघितला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजताच हमाल आले आणि टेबल गेलं.

यानंतर तपासनीस साधारण दोन आठवडे सुखात होते. मग त्यांची दाढ दुखायला लागली.

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात दोन्हीकडे कापूस कोंबला, दिवा ओढून घेतला आणि दाढ कोरता कोरता गप्पा सुरू केल्या. दातांच्या डॉक्टरांना गप्पांची फार आवड असते, आणि समोरचा मधे बोलणार नाही याची व्यवस्था ते आधीच करून ठेवतात.

"आजचा पेपर बघितलात का? तुमचा तो कार्यक्रम, घरं का कलतात. अहो, विडंबन निघालं की ते! माहितीपटांची टर उडवणारी मालिका आहे म्हणे. दर गुरुवारी एक थाप, अगदी गंभीरपणे. तो दाढीवाला नट आहे. मुलाखत आली आहे त्याची. म्हणतो, आजीचा पाय दाखवल्यावर लोकांना कळेल असं वाटलं होतं. जरा मोठं उघडा."

"आँ," तपासनीस म्हणाले.

"नाही ना पटत? मलाही नाही पटलं. कपाट सरकवून माझी कंबर धरली आहे अजून. थुंका."

तपासनीस थुंकले. दाढ काढली नव्हती, तरी काहीतरी मुळासकट गेल्यासारखं त्यांना वाटलं.

रविवारी दुपारी तो भाग पुन्हा लागला. तपासनीस भिंग घेऊन टीव्हीसमोर स्टुलावर बसले. आता त्यांना सगळंच दिसायला लागलं. शास्त्रज्ञांची दाढी एका बाजूने सुटत होती. आजींनी पाय मोजलेली पट्टी एका टोकाला तुटलेली होती. तुटक्या पट्टीने मोजणाऱ्या एका कापडवाल्याला तपासनिसांनी एकदा सगळ्या बाजारासमोर उभं केलं होतं. आणि शेवटी, सगळी नावं सरकून गेल्यावर, मुंगीएवढ्या अक्षरांत दोन सेकंद एक ओळ आली : 'या कार्यक्रमातील तज्ज्ञ, आकडेवारी व आजी काल्पनिक आहेत.'

"दोन सेकंद!" ते ओरडले. "वाचणार कोण?"

"जो टीव्ही बंद करणार नाही तो," बायको म्हणाली. ती वाईट बाई नव्हती, पण गोटीचं प्रकरण तिच्या डोक्यातून गेलं नव्हतं.

त्यांनी त्या टीव्ही वाहिनीला फोन लावला. तक्रारीसाठी चार दाबा, त्यांनी चार दाबलं. कार्यक्रमाबद्दल तक्रार असल्यास दोन दाबा, दोन दाबलं. अर्धा तास सनई ऐकल्यावर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"सर, आपल्याला कार्यक्रम आवडला नाही का?"

"आवडला! हीच तर माझी तक्रार आहे. तो मला अतिशय आवडला. मी नोट्स काढल्या."

"म्हणजे 'आवडला' लिहू ना, सर?"

"अहो बाई, तुम्ही खोटं सांगितलंत, आणि ते खरं वाटेल अशा पद्धतीने सांगितलंत!"

"थँक यू, सर," मुलगी म्हणाली. त्यांची तक्रार 'प्रशंसा' या सदरात नोंदवली गेल्याचा संदेश पाचव्या मिनिटाला आला.

मग त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. त्यात खोटं वजन आणि खोटी माहिती यांत कायद्याने फरक का नसावा याचा ऊहापोह होता. सावकाश बोलणं, चष्मा पुसणं, पार्श्वसंगीत टाळणं ही प्रामाणिक माणसांची खूण असून तिचा गैरवापर थांबवावा अशी मागणी होती. आणि यापुढे अशा कार्यक्रमाच्या सुरुवातीला ठळक अक्षरांत 'हसा' असं लिहावं, अशी सूचना होती. उत्तर आठ दिवसांत आलं. 'आपलं पत्र आमच्या कार्यालयात मोठ्याने वाचण्यात आलं. सर्वांना अतिशय आवडलं. आपण आमच्यासाठी लिहाल का?'

ते पत्र तपासनिसांनी कोणाला दाखवलं नाही.

इकडे इमारतीत कपाटं पुन्हा फरफटत पूर्वेला आली. कोणी त्यांच्या तोंडावर वाईट बोललं नाही, एवढं खरं. पण वकील जिन्यात भेटले की एका बाजूला झुकून नमस्कार करायचे आणि पुढे जाऊन सरळ व्हायचे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी टाकीत पाणी किती आहे हे विचारलं, तपासनिसांनी सांगितलं, आणि बाई 'बरं' म्हणून स्वतः गच्चीवर बघायला गेल्या. ते मात्र त्यांना फार लागलं.

तरी हे सगळं त्यांनी गिळलं असतं. कपाटं जागेवर आली होती, कंबरा बऱ्या होत होत्या. पण चौथ्या मजल्यावरचं टेबल जागेवर नव्हतं. जी बाई अकरा वर्षं यजमानांची एकच वस्तू जपत होती, तिच्याकडून आपण ती एका नटाच्या दाढीवर विश्वास ठेवून काढून घेतली, तीही शिक्का मारून. एकतीस वर्षांत त्यांनी कोणालाही खोटा दाखला दिला नव्हता. दिला तो हा, आणि तो नेमका वहिनींना. टेबल परत आणून जागेवर ठेवायचं आणि मगच त्यांना तोंड दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं. तोवर जिन्यात वहिनींची चाहूल लागली की ते घरात शिरत.

वाचनालयात टेबल खिडकीशी होतं आणि त्याच्यामागे ग्रंथपालबाई बसल्या होत्या. त्यांनी तपासनिसांचं म्हणणं ऐकून मान हलवली.

"परत देता येणार नाही, काका. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली. एकदा नोंद झाली की वस्तू वाचनालयाची. ती बाहेर काढायची तर निरुपयोगी ठरवावी लागते."

"ठरवा मग."

"कशी ठरवू? चांगलं भक्कम आहे. काही मोडलंय का?"

तपासनिसांनी टेबलाचे आठही खण ओढून बघितले. एकही अडला नाही. त्यांनी ते हलवून बघितलं. ते स्वतः हलले. मोडकं असल्याचं खोटंच सांगावं, असा एक हलका विचार मनात येऊन गेला आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. शेवटी त्यांनी खरं काय ते सगळं सांगून टाकलं : इमारत, कपाटं, वहिनी, आणि तो कार्यक्रम निव्वळ थट्टा होती ते.

ग्रंथपालबाईंचा चेहरा बदलला. "कोणता कार्यक्रम? घरं का कलतात? तो मी पाहिलाय." त्या उठल्या आणि टेबलापासून दोन पावलं मागे झाल्या. "म्हणजे हे टेबल त्यासाठी काढलं होतं?"

"हो, पण ते खोटं होतं. तेच सांगतोय. नट होता तो."

"काका, मी स्वतःच्या डोळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. त्या आजींचा पाय पाहिलाय." त्यांनी आवाज खाली आणला. "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"कसला दबाव? अहो, पेपरात आलंय!"

"पेपरात काय, काहीही येतं. आणि ही सगळी कोशांची कपाटंही पूर्वेलाच आहेत हो!" त्या चारी बाजूंना बघायला लागल्या. तपासनिसांनी मोरीचा उतार समजावून सांगितला, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ म्हणून दाखवली, दाढी कशी सुटत होती याचं हावभावांसह वर्णन केलं. जितकं जास्त सांगावं तितकी बाईंची खात्री होत गेली. त्यांनी स्वतःच अर्ज काढला, 'वस्तू काढून टाकण्याचे कारण' या रकान्यात 'अवाजवी भार, इमारतीस धोका' असं लिहिलं आणि जाणकाराच्या सहीसाठी कागद पुढे केला.

"तुम्ही वजनमापं खात्यातले ना? मग करा सही."

"मी फक्त वजनाच्या रकान्यापुढे सही करीन," तपासनीस म्हणाले. "कारणाशी माझा संबंध नाही." आणि अंदाजे वजन लिहून त्यांनी फक्त तिथेच सही केली. निघताना त्यांनी पुन्हा एकदा सांगितलं, की कपाटं हलवू नका. ग्रंथपालबाईंनी समजूतदारपणे डोळे मिटून मान हलवली. तोवर शिपाई कोशांचा पहिला खंड पश्चिमेकडे घेऊन निघाला होता.

रविवारी सकाळी टेबल इमारतीत आलं. चार हमाल, आठ वळणं. पहिल्या मजल्यावर डॉक्टर बाहेर येऊन सूचना देऊ लागले, दुसऱ्यावर वकिलांनी भिंतीचा पोपडा गेल्याचं नोंदवून ठेवलं. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर टेबल अडकलं, तेव्हा ते उभं करावं की आडवं यावर जमलेल्यांची दोन मतं पडली आणि दोन्ही करून झाली. तपासनीस मागून चढत होते आणि मनात भाषण पाठ करत होते. 'वहिनी, मी आयुष्यात प्रथमच' अशी त्याची सुरुवात होती.

हमालांनी टेबल वहिनींच्या दाराबाहेर टेकवलं आणि ते पाणी प्यायला खाली गेले. तपासनिसांनी कडी वाजवली. वहिनींनी दार उघडलं. आधी त्यांच्याकडे बघितलं, मग टेबलाकडे, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"वहिनी, मी आयुष्यात प्रथमच..."

"आत या, भाऊजी. ते मात्र आत आणू नका."

तपासनीस आत गेले. खिडकीजवळ एक वेताची खुर्ची होती. शेजारी टिपॉयवर चष्मा, अर्धं विणलेलं काहीतरी, उलटं ठेवलेलं पुस्तक. खोलीत एवढं ऊन येतं हे त्यांना माहीतच नव्हतं. खिडकीतून खालची गल्ली थेट कोपऱ्यापर्यंत दिसत होती.

"मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून. त्या आजींनी पट्टी काढली ना, तिथेच मला हसू फुटलं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले मी."

तपासनीस भाषण विसरले. "मग मला सांगितलं का नाहीत?"

"कारण तुम्ही ते टेबल काढा म्हणत होतात." वहिनी हलकेच म्हणाल्या. "अकरा वर्षं मला कोणी तसं म्हणालं नव्हतं. सगळे म्हणत, जपा. आधी वीस वर्षं हे तिथे पाठमोरे बसायचे, आणि लिहिताना मधे कोणी गेलेलं त्यांना चालायचं नाही. मग अकरा वर्षं टेबलच बसलं. खिडकी उघडायची तर मी त्यावर ओणवी व्हायची. मुलाला म्हटलं, तुझ्याकडे ने, तर म्हणतो, माझ्याकडे जागा कुठे आहे, पण तू हात लावू नकोस. मला तिथे बसायचंय, एवढं कारण कोणाला पुरलं नसतं, भाऊजी. तुमचा शिक्का पुरला."

तपासनिसांनी चष्मा काढून पुसला.

"पण चूक झाली माझी," त्या म्हणाल्या. "सगळ्या इमारतीत तुमचं हसं झालं. वकील जिन्यात वाकडे होतात ते मी वरून बघायची. रोज वाटायचं, खाली येऊन सांगावं, की मला ठाऊक असूनही मी गप्प राहिले. धीर झाला नाही. मला माफ करा."

तेवढ्यात फोन वाजला. वहिनी दचकल्या. "त्याचाच असणार. कोणीतरी त्याला सांगितलं, कार्यक्रम थट्टेचा होता म्हणून. टेबल परत आणून जागेवर ठेव, म्हणून मागे लागलाय. आज उत्तर द्यायचं कबूल केलं होतं." फोन वाजत राहिला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

तपासनिसांनी फोन उचलला. "तपासनीस."

"काका? बरं झालं तुम्ही भेटलात," पलीकडून मुलगा म्हणाला. "तो कार्यक्रम खोटा होता म्हणे."

"खोटा होता. मी फसलो."

"मग टेबल परत ठेवायला हरकत नाही ना?"

तपासनिसांनी खिडकीकडे बघितलं. खुर्चीच्या पाठीवर शाल होती. वहिनी भिंतीला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे न बघता जमिनीकडे बघत होत्या.

"हरकत आहे," ते म्हणाले.

"कसली?"

"भाराची. कार्यक्रमाचं सोडा. मी आत्ता त्या खोलीत उभा आहे आणि माझ्या डोळ्यांनी बघतो आहे. या जागेला ते टेबल पेलत नव्हतं. आधीपासूनच पेलत नव्हतं, कोणी तपासलं नाही इतकंच. लेखी हवं असेल तर देतो."

"तुम्ही स्वतः तपासलंत ना, काका?"

"स्वतः."

"मग ठीक आहे. तुम्ही म्हणता म्हणजे प्रश्नच नाही."

तपासनिसांनी फोन ठेवला. दाराबाहेरच्या त्या किल्ल्याचं काय करायचं, हा प्रश्न होताच, आणि खालून बायकोचा आवाज यायला लागला होता, की ते आपल्याकडे येणार नाही हे आत्ताच सांगून ठेवते. वहिनींनी डोळे पुसले. त्यांनी खिडकीतली वेताची खुर्ची तपासनिसांसाठी पुढे सरकवली, क्षणभर तिच्याकडे बघितलं, मग ती पुन्हा मागे आपल्या जागी ओढली आणि त्यांच्यासाठी आतून स्टूल आणलं.